जुना लॅपटॉप, हलकी प्रणाली



१ जुलै २०१७ हा दिवस आपल्या व्यापारी घरांच्या स्मरणात पक्का आहे. त्या दिवशी जीएसटी लागू झाला. चाटी गल्लीपासून नव्या पेठेपर्यंत ज्या पेढ्यांचे काम तोवर रोजकीर्द आणि खतावणीवर भागत होते, अशा कितीतरी पेढ्यांवर त्याच्या आगेमागे पहिला लॅपटॉप येऊन बसला. बिले, विवरणपत्रे, टॅली यांचा भार त्याने निमूटपणे वाहिला. पुढे दुकानात नवे यंत्र आले आणि जुना लॅपटॉप घरी परतला. आज तो बहुधा घरातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आहे. आणि खरे सांगायचे तर, अधिक वेळा विद्यार्थिनीच्या.

माझ्या पुतण्याच्या घरीही हेच घडले. थोरला मुलगा अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याला नवा लॅपटॉप मिळाला. धाकटी मुलगी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला, जोडीला सी. ए. फाउंडेशनची तयारी, तिच्या वाट्याला दुकानातला आला. सकाळी त्याचे बटण दाबून ती देवदर्शनाला जाई आणि परत येईपर्यंत यंत्र जेमतेम जागे झालेले असे. घरात याचा विनोद बरेच दिवस चालला. मग एका सराव परीक्षेत पडदा गोठला, लिहिलेली उत्तरे पाठवता आली नाहीत, आणि सूर्यास्त होऊन गेला तरी ती जेवणाच्या पानावर आली नाही. त्या दिवशी विनोद संपला.

पुतण्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन बाजारात गेला. दुरुस्ती करणाऱ्याने पाचशे रुपयांत सगळे करून देण्याची तयारी दाखवली : 'फॉर्मॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, टॅलीसुद्धा फुल व्हर्जन टाकून देतो.' घरी येऊन तो हे सांगत होता, तेव्हा मीही तेथे होतो. मुलीने विचारले, "पप्पा, पाचशे रुपयांत हे सगळं विकत मिळतं?"

"विकत कुठलं? कॉपी असते ती. सगळेच टाकतात."

"म्हणजे कुणी दिलेलं नाही, आपण घेतलेलं."

पुतण्या गप्प झाला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आता तुम्हीच काय ते सांगा." त्या संध्याकाळी जे सांगितले आणि पुढच्या पंधरवड्यात जे करून पाहिले, तेच या महिन्याच्या लेखात मांडत आहे. असा एखादा लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

आधी निदान

संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या सगळ्या अवयवांचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपण तिला 'प्रणाली' म्हणू. विंडोज ही एक प्रणाली, लिनक्स ही दुसरी. लॅपटॉप मंद झाला की दोष एकदम प्रणालीला देण्याची घाई करू नये. वैद्य औषधापूर्वी नाडी पाहतो, तसे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, हार्ड डिस्क. २०१७च्या सुमाराचे बहुतेक स्वस्त लॅपटॉप फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचे आहेत. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावे. 'डिस्क'च्या रकान्यात आकडा सतत १०० टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर यंत्र विचार करण्यात नव्हे, कपाटातून वस्तू शोधून आणण्यात दमत आहे. तबकडीच्या जागी एसएसडी बसवली की हाच लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा भागात हे काम होते, आणि इतर कोणत्याही उपायापेक्षा त्याचा गुण अधिक येतो.

दुसरी गोष्ट, रॅम. रॅम म्हणजे कामाची गादी. गादी मोठी असेल तर चार ठाणे एकाच वेळी उलगडून ठेवता येतात. लहान असेल तर एक उचलल्याशिवाय दुसरे उलगडता येत नाही. या लॅपटॉपमध्ये बहुधा ४ जीबी रॅम असते आणि विंडोज १० काही न करता बसलेली असतानाही त्यातला मोठा भाग अडवते. अनेक यंत्रांत रॅमसाठी एक खाच रिकामी असते. ती भरता आली तर आधी ती भरावी.

तिसरी गोष्ट, धूळ. आपल्या सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वरचा आणि दुकानात कापडाची सूक्ष्म तूस. आठ वर्षांत पंख्याच्या जाळीवर तिचा थर बसतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पंखा साफ केला नाही, तर कोणतीही प्रणाली घातली तरी यंत्र दुपारी मंदच राहणार.

विंडोज १० चे काय

एवढे केल्यावरही एक प्रश्न उरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची वाढीव सोय आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतरही यंत्र चालू राहील. पण नव्याने सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ लावायला कोणी येणार नाही.

मग विंडोज ११ घालावी, असे कोणीही म्हणेल. तिच्या अटी मात्र कडक आहेत : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय, आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून सुरू होते. आठव्या पिढीचे लॅपटॉप-प्रोसेसर जाहीर झाले ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे जीएसटीच्या मुहूर्तावर घेतलेले आपले लॅपटॉप काही आठवड्यांच्या फरकाने उंबरठ्याच्या बाहेर राहिले! अटी चुकवून आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतात; परंतु कंपनी त्याची हमी देत नाही, आणि जे यंत्र १० ने दमते त्याला ११ चा भार सोसणे कठीणच.

येथे हलक्या प्रणालीचा विचार सुरू होतो.

आधी काम, मग प्रणाली

कापड घेण्यापूर्वी माप घ्यावे लागते. हलकी प्रणाली निवडतानाही 'सर्वांत हलकी कोणती' हा प्रश्न नंतरचा. 'मुलाला या यंत्रावर नेमके काय करायचे आहे' हा पहिला. मी पुतण्याच्या मुलीला एका कागदावर आपल्या कामांची यादी लिहायला सांगितले. तुम्हीही घरी हेच करा.

टिपणे लिहिणे, प्रकल्प टंकणे, पीडीएफ वाचणे, संकेतस्थळे पाहणे, यूट्यूबवरील व्याख्याने, गूगल मीट किंवा झूमवरील वर्ग : ही कामे लिनक्सच्या कोणत्याही चांगल्या प्रकारावर होतात. वर्ड आणि एक्सेलच्या फायली लिब्रऑफिस उघडते. साधी कोष्टके व सूत्रे व्यवस्थित चालतात, मात्र गुंतागुंतीचे मॅक्रो आणि बारीक मांडणी बिघडू शकते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बी. सी. ए., बी. एस्सी. किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर लिनक्स हे माहेरच आहे; सी, पायथन, डेटाबेस यांची साधने तेथे सहज आणि विनाशुल्क मिळतात.

अडचणीची यादीही तितकीच स्पष्टपणे लिहायला हवी. टॅली ही विंडोजसाठी बांधलेली आहे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स यांचेही तेच. ऑनलाइन परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यावर लक्ष ठेवणारे काही प्रोग्राम लिनक्सवर चालत नाहीत. सी. ए.च्या अनेक खासगी शिकवण्या आपली ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने ज्या कुलूपबंद प्लेअरमधून देतात, तो बहुधा फक्त विंडोज किंवा अँड्रॉइडवर उघडतो. आमच्या मुलीच्या कागदावर शेवटची ओळ हीच होती. ती वेळेत लक्षात आली नसती, तर आम्ही यंत्र वेगवान केले असते आणि तिची व्याख्याने बंद पाडली असती.

पर्याय कोणते

लिनक्सचे प्रकार शेकडो आहेत. त्यांच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही. आपल्या कामाचे चार-पाच पुरेत.

*लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती.* मिंट तीन रूपांत मिळते. त्यांतले एक्सएफसीई हे सर्वांत हलके. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, वर फुली. विंडोजची सवय असलेल्या हाताला परके वाटत नाही. किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीमध्ये सुखाने चालते. तिच्या २२ क्रमांकाच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. घरात तांत्रिक जाणकार नसेल, तर मी हीच प्रणाली सुचवतो.

*लुबुंटू.* उबंटूच्या कुटुंबातील हे धाकटे, अंगाने सडपातळ भावंड. मिंटपेक्षा थोडी कमी रॅम घेते. एलटीएस म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्यावी. तिला तीन वर्षे आधार असतो. एक बारीक गोष्ट : तिच्यात फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या बांधणीतून येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो. एसएसडी असेल तर हे जाणवत नाही.

*अँटीएक्स आणि पपी.* रॅम १ किंवा २ जीबी, वय दहा-बारा वर्षांहून अधिक, अशा यंत्रांसाठी. ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरला आता बहुतेक प्रणालींनी दार बंद केले आहे. अँटीएक्सने ते दीर्घकाळ उघडे ठेवले. पपी तर पेनड्राइव्हवरून उचलून थेट रॅममध्ये चालू शकते. दोन्ही अतिशय काटकसरी. पण त्यांचे रूप साधे आणि रीत निराळी. नवशिक्या मुलाच्या हाती एकट्याने देऊ नयेत.

*क्रोमओएस फ्लेक्स.* गूगलची ही प्रणाली जुन्या यंत्रांसाठीच आहे. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते. सगळे काम ब्राउझरमध्ये करणाऱ्या शाळकरी मुलाला ती उत्तम. सांभाळायला सर्वांत सोपी. मात्र गूगल खाते हवे आणि इंटरनेट जवळजवळ सतत हवे. तिच्यावर प्ले स्टोअरची अ‍ॅप चालत नाहीत, हे पुष्कळांना नंतर कळते.

भारत सरकारच्या सीडॅक या संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली २००७ पासून दिलेली आहे. भारतीय भाषांसाठी तिचा विशेष प्रयत्न आहे. मराठी टंकलेखन मात्र वरील सर्व लिनक्स प्रकारांत इन्स्क्रिप्ट कळफलकाने होते. जुन्या श्रीलिपी फाँटमधील मजकूर तेवढा आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागेल.

या सगळ्यांविषयी एक सत्य आरंभीच सांगितलेले बरे. हलकी प्रणाली स्वतः कमी जागा घेते, पण संकेतस्थळांना हलके करू शकत नाही. ब्राउझरमध्ये वीस पाने उघडून ठेवली, तर ४ जीबी रॅम कोणत्याही प्रणालीत अपुरीच पडेल. यंत्राला संयम दिला, तरी वापरणाऱ्यालाही थोडा ठेवावा लागतो.

प्रणाली यंत्राच्या मापाने बेतली तर काय साधते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा वस्तीच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातील प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची रॅम अवघी २५६ एमबी आणि प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा होता. आज आपण ज्याला 'मंद' म्हणतो त्या यंत्राच्या सोळाव्या हिश्शाइतकी ती रॅम. तरीही मुले त्यावर चित्रे काढीत, लिहीत, छायाचित्रे घेत. कारण त्यावरील लिनक्स आणि 'शुगर' हे तिचे रूप त्याच अंगासाठी शिवले होते.

अंगाला लावून पाहा

लिनक्सची मोठी सोय अशी, की यंत्रात काहीही न बदलता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. क्रम असा ठेवावा.

आधी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. दुकानाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये टॅलीचा डेटा, जीएसटीच्या फायली, डिजिटल सहीशी संबंधित काही राहिले नाही ना, हे वडिलांनी स्वतः पाहावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. नंतर प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तिची फाइल उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा एचर या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला, की नवी प्रणाली समोर येते.

आता घाई न करता एक संध्याकाळ तिच्यासोबत काढावी. वायफाय जोडले जाते का? आवाज, कॅमेरा, माइक, टचपॅड? घरचा प्रिंटर? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का? पेनड्राइव्हवर ती थोडी मंद वाटेल, ते स्वाभाविक आहे. एखादी गोष्ट चालली नाही, तर दुसरा प्रकार लावून पाहावा. सगळे ठीक असेल तरच 'इन्स्टॉल'चे बटण दाबावे. त्या वेळी विंडोज पुसावी की शेजारी ठेवावी, असे विचारले जाते. या एका प्रश्नाचे उत्तर जाणकाराला बसवून द्यावे. चुकीचे उत्तर दिले तर डिस्क कोरी होते.

शिकण्याची चिंता करू नये. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिब्रऑफिस आणि इतर अनेक विषयांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार केले आहेत आणि ते मराठीतही आहेत. त्याच आयआयटीच्या 'फॉसी' प्रकल्पाने विद्यार्थ्यांसाठी लिनक्सवर चालणारा कमी किमतीचा छोटा लॅपटॉपही काढला होता. म्हणजे हा मार्ग आडवळणाचा नाही. त्यावरून पुष्कळ विद्यार्थी गेलेले आहेत.

दिलेले आणि घेतलेले

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

शास्त्रकारांनी चोरीसाठी 'अदत्तादान' हा शब्द योजला : जे दिलेले नाही ते घेणे. अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना त्यांनी चोरून आणलेला माल घेणे म्हणजे 'तदाहृतादान', कमी-अधिक मापे वापरणे म्हणजे 'हीनाधिकमानोन्मान', आणि अस्सलच्या नावाने नक्कल चालवणे म्हणजे 'प्रतिरूपकव्यवहार' हेही मोजले. आपल्या वाडवडिलांनी तागडी आणि गज यांच्या बाबतीत हे कसोशीने पाळले. त्यामुळेच पेढीच्या शब्दाला किंमत आली. जो मापात एक बोट चुकू देत नाही, तोच गृहस्थ मुलाच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक केलेली टॅली निःशंकपणे टाकून घेतो. वस्तू हाताला लागत नाही म्हणून ती चोरी वाटत नाही, एवढेच.

धर्म क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार हेच सांगतो. कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर चालवण्यासाठी जे 'अ‍ॅक्टिव्हेटर' घालावे लागतात, त्यांच्यातून हेरगिरी करणारे प्रोग्राम येण्याचा धोका मोठा असतो; त्यांच्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात, यातच सर्व आले. त्याच यंत्रावरून आपण बँकेत आणि जीएसटीच्या खात्यात शिरतो. पाचशे रुपयांत परक्याच्या हाती किल्ली देण्यासारखेच हे आहे.

आणि सरळ मार्ग उपलब्ध आहेत. टॅलीप्राइमचा 'एज्युकेशनल मोड' परवाना न घेता वापरता येतो. महिन्यातील मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढे पुरते. वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमधून विनाशुल्क मिळतात. लिनक्सचा परवाना तर वापरा, अभ्यासा, सुधारा, प्रती काढून वाटा, असे स्वतःच सांगतो. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम जगभरच्या हजारो हातांनी वाढवले आणि ते दिलेले आहे. येथे प्रत काढणे हा दोष राहत नाही.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. ग्रंथाच्या प्रती करवून मंदिरांना, साधूंना, जिज्ञासूंना देणे याला आपण शास्त्रदान म्हणत आलो. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेला षट्खंडागम, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून येऊ लागला, तेव्हा तो वाचकांच्या हाती पोहोचला. ज्ञान प्रत केल्याने घटत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

अपरिग्रह कोणाच्या वाट्याला

शेवटी थोडे कटू बोलतो. जुने यंत्र टाकून न देता वापरात ठेवणे हा अपरिग्रहच आहे. नव्या यंत्रामागे खाणी, कारखाने आणि पुढे विषारी कचरा, म्हणजे हिंसेची मोठी साखळी असते. हे सर्व खरे. पण घरात एकाला नवा आणि दुसरीला नेहमी जुनाच, अशी वाटणी होत असेल, तर त्याला अपरिग्रह म्हणू नये. व्रत स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याच्या अभ्यासावर लादलेली काटकसर हा कृपणपणा होतो. ज्या सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थानगरातून मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, तेथे तरी हे सांगावे लागू नये.

म्हणून हलकी प्रणाली घालण्यापूर्वी मुलांची कामाची यादी प्रामाणिकपणे वाचावी. यादी जुन्या यंत्रावर भागत असेल, तर नवे घेण्याची हौस आवरावी. भागत नसेल, तर हौस नव्हे, गरज आहे हे मानून घ्यावे. मग ती मुलाची असो वा मुलीची.

आमच्या घरी काय झाले? पंखा साफ केला, एसएसडी बसवली, तिच्यावर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घातली. विंडोज १० लहानशा भागात शेजारी ठेवली, वाढीव सुरक्षेसाठी तिची नोंदणी केली, आणि ती केवळ व्याख्यानांच्या प्लेअरपुरती उघडायची असे ठरले. दुकानाच्या प्रिंटरवर छपाई होते, स्कॅन मात्र अजून होत नाही; ते ती फोनवर करते. बटण दाबल्यापासून यंत्र हाताशी यायला आता एक मिनिटही लागत नाही. पुतण्याने आणखी एक गोष्ट आपणहून सांगितली : "आर्टिकलशिप सुरू झाली की हिला नवा घ्यायचा. भावाला घेतला तसाच." मुलीने तो दिवस वहीत लिहून ठेवला आहे. व्यापाऱ्याची मुलगी, येणे कसे विसरेल?

वाचकांना एक सूचना करून थांबतो. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो, त्यांची धूळ झाडतो, नवी वेष्टने घालतो. त्या दिवशी मंदिराच्या सभागृहात समाजातील संगणक शिकणारी मुले-मुली एकत्र बसली आणि घराघरांतले पडून राहिलेले लॅपटॉप झाडून-पुसून, आधीच्या मालकाचा सर्व डेटा नीट मिटवून, हलकी प्रणाली घालून बोर्डिंगमधील गरजू विद्यार्थ्यांना देता आले, तर तेही ज्ञानदानच होईल. देताना एक पथ्य पाळावे : जे आपल्या मुलाच्या हाती देण्यासारखे नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये.

जय जिनेंद्र.